पुळ्याच्या फोटोतली जागा

गाव सोडून साताऱ्याला मुलाकडे राहायला येताना रंगूबाईंनी फारसे काही बरोबर घेतले नव्हते. चार लुगडी, पाणी प्यायचा तांब्या आणि यजमानांची काळी लोखंडी पेटी, एवढाच त्यांचा संसार त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आला. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात लालासाहेबांचा फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव अजून वाचता येत होते. हवालदार लालासाहेब गेल्या वर्षी श्रावणात गेले. पलूसच्या पुढे कृष्णाकाठी असलेल्या त्यांच्या गावी कुलूप लागले, ऊस चुलतभावाकडे वाट्याने गेला, आणि उभे आयुष्य ज्या अंगणात सरले त्या अंगणाचा निरोप घेऊन रंगूबाई औद्योगिक वसाहतीतल्या भोंग्यांच्या आवाजात दिवस मोजू लागल्या.

मुलगा विश्वजीत गुणी होता. कारखान्यातली पाळी सांभाळून त्याने वडिलांचे आजारपण काढले होते, त्यांना उचलून न्हाऊ घातले होते, आणि अंत्यसमयी त्यांच्या मुखात पाणीही त्यानेच घातले होते. अशा मुलाने काही मागितले तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. रंगूबाईंचे नेमके तेच झाले.

वर्षश्राद्ध महिन्यावर आले तेव्हा एका सकाळी तो पेटीजवळ येऊन बसला.

"आई, तो आप्पांचा समुद्रावरचा फोटो दे की. नीट करून आणतो."

"त्याला काय झालंय?"

"पार पिवळा पडलाय. काचंला आतनं बुरशी धरलीय. मोठा करून भिंतीला लावू. पै-पावणं येतील, त्यास्नी कळंल तरी, आप्पा कवा हसत बी हुतं."

"ह्यास्नी भिंतीला नको हुता त्यो."

"आता काय रागं भरायला येणार हायत व्हय आप्पा?"

तो हसला. रंगूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडली, लालासाहेबांचा लोकरी मफलर बाजूला केला, आणि तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चौकट दोन्ही हातांनी वर काढली. देवघरातला टाक पुसायला काढावा तशी.

"हाय तसाच आण बरं. कशाला हात लावू देऊ नकोस."

"हाय तसाच? अगं, बघशील तर खरं."

हे बोलताना त्याच्या डोळ्यांत एक खोडकर आनंद होता. तो रंगूबाईंना दिसला. पण त्याचा अर्थ त्या वेळी त्यांना लागला नाही.

त्या फोटोत होते तरी काय? गणपतीपुळ्याचा किनारा, मागे राखाडी समुद्र, आकाश आणि पाणी यांची सीमा पुसली गेलेली. डावीकडे लालासाहेब उभे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मान किंचित मागे टाकून हसणारे. फौजेतल्या त्यांच्या साऱ्या फोटोंत त्यांचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले असत. हसरे लालासाहेब या एकाच फोटोत होते. उजवीकडे रंगूबाई, एका हातात नवऱ्याच्या चपला, डोक्यावरचा पदर वाऱ्याने खांद्यावर उतरलेला. आणि दोघांच्या मध्ये जागा होती. दोन माणसे उभी राहिली की जेवढे अंतर सहज पडते त्याहून ती अधिक होती, आणि रुसव्याने पडणाऱ्या अंतराहून कमी. लालासाहेबांचा डावा हात त्या जागेकडे थोडासा खाली झुकलेला होता, तळवा मोकळा होता.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी अभावालाही पदार्थांत स्थान दिले आहे. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान आपल्याला डोळ्यांनीच होते, असे ते म्हणतात. रंगूबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. परंतु जे नाही ते नेमके कोठे नाही, हे त्या फोटोत बोट ठेवून दाखवू शकल्या असत्या. त्यांनी ते कधी कोणाला दाखवले नव्हते, इतकेच.

विश्वजीतच्या लेखी त्या जागेचा अर्थ अगदी निराळा होता. आईवडील पुळ्याला गेले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता, आणि त्याला आजीपाशी ठेवून ते दोघेच गेले होते. तो एसटीच्या मागे धावला होता आणि धुळीत बसून रडला होता. मोठेपणी तो ही कहाणी दिवाळीच्या फराळाला हसत हसत सांगे. मुलीला, साक्षीला, म्हणे, "तुझ्या आज्जा-आज्जीनं मला आजीच्या गळ्यात बांधलं आन् स्वतः समुद्र बघून आली. फोटोत बघ, माझी जागा बी सोडलीया, पर मला न्हेलं न्हाई." सारे हसत. लालासाहेब मात्र त्या वेळी उठून बाहेर जात. थट्टेच्या आत दडलेला काटा कोणाकोणाला टोचत होता, हे त्या घरात कोणी कोणास विचारले नाही.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी विश्वजीत खाकी कागदात गुंडाळलेली भली मोठी चौकट घेऊन आला. सून हात पुसत बाहेर आली, साक्षीने मोबाईल सरसावला. रंगूबाईंना खुर्चीत बसवून त्याने कागद फाडला.

समुद्र निळाशार झाला होता. वाळू सोन्यासारखी पिवळी झाली होती. लालासाहेब हसत होते, रंगूबाईंच्या हातात चपला होत्या, आणि दोघांच्या मध्ये, लालासाहेबांच्या त्या झुकलेल्या हाताखाली, शाळेचा पांढरा सदरा घातलेला, चापून भांग पाडलेला, दहा वर्षांचा विश्वजीत उभा होता. जुन्या शाळेच्या फोटोतून उचलून त्याला तेथे आणले होते. कारागिराने त्याची सावलीदेखील वाळूवर पाडली होती.

"आता सांग," विश्वजीत म्हणाला, "मला न्हेलं न्हाई म्हणून कोण म्हणंल?"

रंगूबाई बघत राहिल्या. भरल्या घरात दार ढकलून आत यावे आणि आपल्या माणसाच्या अंथरुणावर दुसरेच कोणी झोपलेले दिसावे, तसे त्यांना झाले. आणि ते दुसरे कोणी म्हणजे आपलेच लेकरू. त्याला उठ कसे म्हणावे?

"चांगला दिसतुयास," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "जुना कुठाय?"

"तिकडंच ऱ्हायला स्टुडिओत. आणतो कवातरी. तू ह्यो बघ की."

रूढी अशी की फोटोत जिवंत माणूस असेल तर त्याला हार घालत नाहीत. म्हणून श्राद्धाला लालासाहेबांचा वर्दीतला, ओठ मिटलेला फोटोच पाटावर आला. नवा फोटो हाराविना समोरच्या भिंतीवर लागला. पिंडदान झाले, कावळा शिवला, पंगत बसली. जेवणे आटोपल्यावर गावाहून आलेले चुलतदीर कोंडीबा पान लावत त्या फोटोसमोर येऊन उभे राहिले. वय झालेले, पण जीभ तरुण असलेले गृहस्थ.

"विश्वा, लेका, तू कवा गेलतास रं पुळ्याला? माझ्या वट्यावर बसून नाक वर वढत हुतास की त्या दिवशी. गूळ दिला तवा गप झालास."

"कॉम्प्युटरनं गेलो, तात्या. एसटीचं तिकीट बी लागलं न्हाई."

कोंडीबा खदखदून हसले. मग त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिले, आणि हसू तोंडातच राहिले. त्यांनी एकदा वळून रंगूबाईंकडे नजर टाकली. रंगूबाई पत्रावळी गोळा करीत होत्या. कोंडीबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने तो उगाच पुसत बसले. जाताना वहिनीच्या पायांना हात लावून ते गेले. एरवी ते नुसते "येतू" म्हणून जात.

कारण कोंडीबांनी शालनला पाहिले होते.

शालन ही लालासाहेबांची थोरली लेक. ती आठ वर्षे जगली. विश्वजीत ती गेल्यावर दोन वर्षांनी जन्मला, आणि आपल्याला एक बहीण होती व ती अगदी लहानपणी गेली, एवढेच त्याला ठाऊक होते. घरात तिचे नाव कोणी काढीत नसे. त्याचे कारणही फोटोच होता. जो काढला गेला नाही असा एक फोटो.

लालासाहेब तेव्हा सुट्टीवर आले होते आणि गावची जत्रा होती. पलूसचा नाथाजी फोटोवाला देवळामागे पडदा लावून बसला होता. पडद्यावर समुद्र रंगवलेला: निळे पाणी, एक शिडाचे जहाज, कडेला नारळीची दोन झाडे. लालासाहेबांनी बायकोला व लेकीला तेथे उभे केले. शालन कॅमेऱ्याकडे पाठ करून पडद्याकडेच पाहत राहिली.

"आप्पा, ह्ये एवढं पानी कुनाचं?"

"समुद्र हाय त्यो. कुनाचा नसतो."

"खरा आसतो?"

"आसतो तर. पुढच्या सुट्टीला तुला खरा दावतो."

एवढ्यात लालासाहेबांच्या मातोश्री राहीबाई गर्दीतून वाट काढीत आल्या आणि त्यांनी नातीला दंडाला धरून बाहेर ओढले. तिघांचा फोटो काढू नये, तिघांतले एक जाते, अशी त्या पिढीची दृढ समजूत होती. "दोघंच काडा न्हाईतर चौघं हुबं ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "तिघांचा काडू देणार न्हाई मी." तुम्हीच या चौथ्या, असे नाथाजीने सुचवले, परंतु राहीबाई विधवा, रंगीत पडद्यासमोर उभे राहणे त्यांना रुचेना. लालासाहेब फौजेत ताठ असले तरी आईपुढे वाकणारे. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. पुढच्या वक्ताला काडू." शालनने जत्रेत घेतलेली लाल फीत केसांना बांधलेली होती. ती फीत दिसावी म्हणून ती फोटोसाठी सकाळपासून अडून बसली होती. ती रडली नाही. घरी येईपर्यंत मागे वळून वळून पडद्याकडे पाहत होती, एवढेच.

भाद्रपदात तिला कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले, आणि सांगलीला नेले तोवर फार उशीर झाला होता. लालासाहेब तेव्हा ईशान्येला कोठेतरी उंच चौकीवर होते. तार त्यांना मिळून ते गावी पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. ज्या भयाने तो फोटो टळला, ते भय फोटोशिवायच खरे झाले. राहीबाई त्यानंतर नातीचे नाव ऐकले की कपाळ बडवून घेत. म्हणून ते नाव घरातून गेले. आणि मुलीची छबी म्हणून या जगात कागदाचा एक कपटाही उरला नाही.

निवृत्तीनंतर पहिल्याच थंडीत लालासाहेब एकदा म्हणाले, "समुद्र बघून येऊ." रंगूबाईंनी विश्वजीतचे कपडे पिशवीत भरले. त्यांनी ते बाहेर काढून ठेवले. "त्याला नको," एवढेच म्हणाले. कोल्हापूर, आंब्याचा घाट, रत्नागिरी असे एसटी बदलत ते दोघे पुळ्याला पोचले. गणपतीचे दर्शन झाले. मग किनाऱ्यावर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला मागे लागला. पत्ता द्या, पोस्टाने फोटो पाठवतो, म्हणाला. लालासाहेब तयार झाले. दोघे पाण्याला पाठ करून उभे राहिले.

"साहेब, जरा जवळ या. मध्ये केवढी जागा सोडलीत."

"असू दे. तिघं हाय आमी."

फोटोवाल्याने इकडेतिकडे पाहिले. "मग बोलवा की त्यांना. थांबतो मी."

"आलीया ती. तू काढ."

रंगूबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'ती' हा शब्द त्या अर्थाने प्रथमच आला होता. पाठीमागून लाट आली, पायांखालची वाळू सरकली, पदर डोक्यावरून खाली गेला. आणि लालासाहेब म्हणाले, "आत्ता आय हितं आसती तर म्हणली आसती, तिघांचा काडू नगा." असे म्हणून ते हसले. तेवढ्यात फोटो निघाला. पुढच्याच क्षणी तो ताठ माणूस ओल्या वाळूत मटकन बसला आणि ढसाढसा रडला. रंगूबाई त्यांच्या चपला हातात घेऊन शेजारी बसल्या. त्या दोघांनी मिळून लेकीसाठी केलेले रुदन तेवढे एकच.

फोटो पोस्टाने येईल याची आशा नव्हती, पण तो आला. लालासाहेबांनी त्याला चौकट करविली आणि पेटीत ठेवला. भिंतीवर लावला तर मधली जागा का सोडली असे लोक विचारतील, म्हणून. कधी दुपारी घर निजलेले असताना पेटी उघडे, आणि दोघे तो मांडीवर घेऊन काही न बोलता बसत. लाल फितीचे ते मस्तक दोघांनाही त्या जागेत दिसत असे. लालासाहेब गेल्यावर रंगूबाई एकट्याच बसू लागल्या.

श्राद्धानंतर चार-सहा दिवस त्या थांबल्या. मग साक्षीची शाळा सुटल्यावर तिला बरोबर घेऊन, रिक्षा करून त्या स्टुडिओत गेल्या. जिन्याखालच्या अरुंद दुकानात संगणकापुढे बसलेला तरुण आदबशीर होता.

"जुना फोटो? आजी, तो काचेला चिकटला होता हो. सोडवायला गेलो तर मधला थर काचेबरोबर निघून आला. चेहरे तेवढे बचावले. मधे काही नव्हतंच, म्हणून निभावलं."

"मग त्यो कागद?"

"तुकडे झाले होते. टाकून दिला. तुमच्या चिरंजीवांना सांगितलं होतं मी, ते म्हणाले चालेल." त्यांचा चेहरा पाहून तो थोडा गोंधळला. "एक करता येईल. ही माझ्याकडे फाईल आहे. मुलाला काढून टाकतो, मागं समुद्र बनवून घालतो. पहिल्यासारखा होईल. काढू का मुलाला?"

पडद्यावर तिघे होते. त्या तरुणाचे बोट माऊसवर तयार होते. साक्षी आजीकडे पाहत होती. रंगूबाईंनी तोंड उघडले. होय म्हणायचे होते; त्यासाठीच त्या जिना उतरून, रिक्षा करून आल्या होत्या. परंतु फोटोत नवरा होता, तो गेला. त्याच्या शेजारून आपल्या जित्या लेकाला काढून टाक, हे शब्द आईच्या मुखातून कसे निघावेत? राहीबाईंची ती समजूत त्यांनी आयुष्यभर मनातल्या मनात धिक्कारली होती. आता तीच त्यांच्या जिभेवर येऊन बसली.

"नगं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे त्याला तिथं."

संध्याकाळी जेवताना साक्षीने सहज सांगून टाकले. विश्वजीतचा घास हातात राहिला.

"आवडला न्हाई व्हय तुला, आई? तसं सांगायचं मला. परक्या दुकानात कशाला जायचं?"

"आवडला की."

"मग जुना कशाला हवा हुता? फाटका, पिवळा. मला तर त्यो बघितला की अजून..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "चाळीशी आली माझी. हसायचं म्हणून हसतो मी. पर का न्हेलं न्हाई मला, एवढं तरी सांग."

रंगूबाईंनी ताट बाजूला सारले. आणि मग, इतकी वर्षे ज्या नावाला त्या घरात उंबरा नव्हता, ते नाव त्यांनी घेतले. जत्रा सांगितली, पडदा सांगितला, फीत सांगितली. सुनेने उठून गॅस बंद केला आणि ती दाराशी उभी राहिली. विश्वजीत मान खाली घालून ऐकत होता.

"तुला न्हेलं आसतं तर तू मधी हुबा ऱ्हायला आसतास," रंगूबाई म्हणाल्या. "पोर म्हटल्यावर मधीच हुबं ऱ्हातं. ह्यास्नी ते नको हुतं. मागनं एकदा म्हणालं, तिच्या जागंवर त्याला हुबा करायचा न्हाई. त्याची त्याला जागा हाय. म्हणून तुला ठेवला, बाळा. तू नकोस म्हणून न्हवं."

खाली रस्त्यावर कारखान्याची बस पाळीची माणसे उतरवून गेली.

"आन् मी जाऊन हुबा ऱ्हायलो," विश्वजीत म्हणाला.

"तुला ठावं न्हवतं."

"उद्या जाऊन काढून आणतो मला."

"न्हाई. जित्या माणसाला फोटोतनं काढत न्हाईत. आन् काढून काय मिळणार हाय? त्यो समुद्र बनवून घालणार. तिथं ती कवा हुती?"

तो उठला आणि त्या भिंतीखाली जमिनीवर जाऊन बसला, वडील आजारी असताना खाटेपाशी बसे तसा. वर पाहत त्याने विचारले, "दिसायला कशी हुती गं?"

रंगूबाई सांगू लागल्या. निळ्या फुलांचा परकर, पुढचा एक दात पडलेला, उजव्या भुवईवर विळ्याचा व्रण, आणि ती लाल फीत. सांगता सांगता त्या थांबल्या. परकर दिसत होता, फीत दिसत होती. त्यांच्यामध्ये जे असायला हवे ते मात्र येईना. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि सवयीने भिंतीकडे, त्या जागेकडे पाहिले.

तेथून भांग पाडलेला दहा वर्षांचा विश्वजीत त्यांच्याकडे पाहत होता.

"तोंड मला त्या मोकळ्या जागंत दिसायचं," त्या हळूच म्हणाल्या. "आता न्हाई सांगता येत, बाळा."